पहिल्या ओळीतलं नाव

बंडूजी झाडे यांच्या दुकानातून बाहेर पडलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या डाव्या अंगावर केळझरच्या गणपतीचं बोटभर चित्र चिकटवलेलं असे. दरवर्षी ते स्वतः केळझरला जात, देवळाबाहेरच्या दुकानातून अशा चित्रांचं पाकीट आणत आणि नवीन यंत्र गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करण्यापूर्वी अंगठ्यानं दाबून एक चित्र त्यावर बसवत. देवळीत पुलगाव रस्त्यावर त्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास. बावीस वर्षांत गावातली अर्धी तरुण पिढी त्या खोलीतून गेली होती. तहसिलीतला ऑपरेटर, बँकेतली मुलगी, सेवा केंद्र चालवणारे दोघे भाऊ, सगळे त्यांना रस्त्यात 'सर' म्हणून नमस्कार करीत. बंडूजींचं स्वतःचं शिक्षण बारावी आणि वर्ध्यातला एक वर्षाचा डिप्लोमा एवढंच होतं. त्यामुळे 'सर' ही हाक त्यांना कधी सवयीची झाली नाही. ती ऐकली की आजही त्यांची पाठ किंचित सरळ होई.

कमलाबाई थूल यांनी त्यांच्याकडून कॉम्प्युटर घेतला त्याला आता आठ वर्षं झाली. कमलाबाई अंगणवाडी सेविका. मुलगी पौर्णिमा तेव्हा आठवीत होती. यंत्र घरी पोचवायला बंडूजी स्वतः गेले. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्यापुढे ताज्या मोगऱ्याची चार फुलं होती. खिशातलं पाकीट काढता काढता बंडूजी थांबले आणि त्यांनी विचारलं, "कमलाबाई, आम्ही यावर गणपतीचं चित्र लावत असतो. तुमच्या घरी लावू की नको?" कमलाबाई म्हणाल्या, "राहू द्या, सर." बंडूजींनी पाकीट खिशात परत ठेवलं. घरी परतताना त्यांना स्वतःविषयी बरं वाटलं होतं. विचारायचं असतं हे आपल्याला कळतं, सगळ्यांनाच कुठं कळतं, असं त्यांच्या मनात आलं होतं.

यंत्राच्या आत त्यांनी जे ठेवलं होतं, त्याबद्दल मात्र त्यांनी विचारलं नव्हतं. ते त्यांनी कुणालाच कधी विचारलं नव्हतं.

त्याची कथा रोहणा गावच्या किसनरावांपासून सुरू होते. किसनरावांचा मुलगा धनंजय बारावीत नापास झाला. बापानं कॉम्प्युटर पोत्यात बांधून मोटरसायकलवरून थेट दुकानात आणला आणि टेबलावर ठेवून म्हणाला, "सर, याच्यात गेमच घुसला नाई पाह्यजे असं काईतरी करा. नाई तं मी याले इहिरीत टाकतो." बंडूजींनी विचार केला. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक लहानशी फाइल असते. एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता बाहेर विचारण्याआधी यंत्र त्या फाइलीत डोकावतं. तिथं त्या नावापुढे यंत्राचा स्वतःचाच पत्ता लिहून ठेवला, तर ते बाहेर जातच नाही, आपलंच दार ठोठावत बसतं. बंडूजींनी खेळांच्या दोनशे चौदा ठिकाणांची यादी जमवली, ती त्या फाइलीत भरली आणि पहिल्या ओळीत, जी यंत्र वाचत नाही पण माणूस वाचू शकतो, इंग्रजी अक्षरांत लिहिलं: 'बंडू सर. गेम बंद.'

पुढच्या वर्षी धनंजय पास झाला. किसनराव नारळ घेऊन आले आणि चार लोकांपुढे त्यांनी तो बंडूजींच्या हातात दिला. बातमी पसरली. "झाडे सरांच्या कॉम्प्युटरवर पोरं बिघडत नाईत" असं लोक म्हणू लागले, आणि बंडूजींनी ते खरं करून दाखवायचं ठरवलं. तेव्हापासून दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक यंत्रात ती फाइल जाऊ लागली. सांगायची गरज त्यांना वाटली नाही. औषधाची चव रोग्याला विचारून ठरवत नाहीत, असं ते मनाशी म्हणत. हळूहळू ही गोष्ट हाताच्या सवयीत गेली आणि सवयीतून विस्मरणात.

यंदाच्या एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊला पौर्णिमाचा फोन आला.

"सर, तुम्ही येता का घरी? एक सॉफ्टवेअर डाउनलोडच होत नाही. परवापासून शून्य टक्क्यावर अडकलं आहे. मला आज सहाच्या आत काम पाठवायचं आहे, सर. नाहीतर गेलं सगळं."

बंडूजी पोचले तेव्हा कमलाबाई दारातच उभ्या होत्या. "तुम्ही आले म्हंजे झालंच, सर," त्या म्हणाल्या. "म्या इले म्हन्लं, दुसऱ्या कोनाले बलावू नको."

पौर्णिमानं समजावून सांगितलं. वर्ध्याच्या कॉलेजातून तिची बी.एस्सी. झाली होती. पुण्याच्या एका कंपनीत खेळांमधल्या चुका शोधण्याचं काम असतं, त्यासाठी तिची निवड शेवटच्या टप्प्यावर आली होती. कंपनीनं एक अर्धा-कच्चा खेळ दिला होता. तो खेळून त्यातल्या चुकांची यादी लिहून पाठवायची होती. पण खेळ थेट मिळत नव्हता. आधी लाँचर नावाचा एक प्रोग्राम उतरवून घ्यायचा, मग त्या दारातून खेळ आत येणार. आणि ते दारच येत नव्हतं.

"म्हणजे गेम खेळायची नोकरी," बंडूजी हसून म्हणाले. "चांगलं आहे बाबा. आमच्या वेळेस गेम खेळलो तर मार भेटत होता."

"खेळायची नाही सर, तपासायची," पौर्णिमा म्हणाली. तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

बंडूजींनी क्रमानं सगळं केलं. अँटिव्हायरस थोडा वेळ बंद केला, जुन्या तात्पुरत्या फाइली पुसल्या, डिस्कवर जागा आहे ना पाहिली, घड्याळ आणि तारीख तपासली, दुसऱ्या ब्राउझरमधून प्रयत्न केला. कंपनीचं पान झटकन उघडे, 'डाउनलोड' असं लिहिलेलं निळं बटण दिसे, बटण दाबलं की एक गोल फिरू लागे आणि शून्यावरच फिरत राही. मग एक तांबडी ओळ येई, की जोडणी होऊ शकली नाही. अकरा वाजले. पौर्णिमा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती आणि बंडूजींना ते दिसत होतं. कमलाबाई पदरानं कपाळ पुसत उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा विश्वास अजून तसाच होता. तो पाहून बंडूजींनी ठरवलं, की दोष लाइनीचा आहे.

त्यांनी नत्थूला फोन लावला. नत्थू मून पूर्वी गावात केबलच्या तारा ओढायचा, आता वर्ध्याच्या एका एजन्सीसाठी इंटरनेटची लाइन सांभाळायचा. दोघं एकाच वयाचे, पन्नाशीच्या आसपास.

"नत्थू, कुठी आहे तू? कमलाबाईकडं ये लवकर. पोरीची परीक्षा आहे अन् तुही लाइन मेली पडली."

"लाइन तं बरोबर दिसून राह्यली जी, माह्या इथून."

"तुह्या इथून दिसून काय फायदा? इथं ये."

वीस मिनिटांत नत्थू मोटरसायकलला शिडी बांधून आला. त्यानं राउटरचे दिवे पाहिले, मोबाइल काढून त्याच वायफायवर काहीतरी उघडून पाहिलं, आणि मग कॉम्प्युटरकडे पाहिलं. त्याची नजर यंत्राच्या डाव्या अंगावर जिथं एरवी गणपतीचं चित्र असतं तिथं क्षणभर रेंगाळली. "हे तुमच्याच दुकानातलं काय, सर?" त्यानं विचारलं.

"मग कुठलं राहीन?"

"मंग, सर, एकदा आतून पाह्यता काय? म्हंजे, त्या एका फायलीत..."

"आतलं मी पाहतो," बंडूजी तोडून म्हणाले. कमलाबाई ऐकत होत्या. "तू तुहा खांब पाह्य. मशीन तुले काय समजते?"

पौर्णिमा ओशाळून दुसरीकडे पाहू लागली. नत्थूनं मान हलवली, शिडी उचलली आणि तो बाहेर गेला. खिडकीतून रस्त्यापलीकडचा खांब दिसत होता. नत्थू गमछा डोक्याला गुंडाळून चढला. ऊन असं होतं, की खांबावरचा पत्र्याचा डबा उघडण्याआधी त्यानं हाताला शर्टाची बाही गुंडाळली. कमलाबाई त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन रस्त्यावर गेल्या. पौर्णिमा सरबत करायला आत गेली.

खोलीत बंडूजी एकटे राहिले. त्यांनी वायफाय तोडलं, स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून कॉम्प्युटर त्यावर जोडला, आणि निळं बटण दाबलं. गोल फिरला. शून्य. तीच तांबडी ओळ.

म्हणजे लाइनीचा संबंधच नव्हता.

त्यांचे हात कीबोर्डवर थबकले, आणि 'त्या एका फायलीत' हे नत्थूचे शब्द तेव्हा कुठं त्यांच्या कानात शिरले. डोक्याला आठवण्याआधी हातांना आठवलं. हात त्या जागी गेले, फाइल उघडली, आणि पहिल्या ओळीत त्यांना स्वतःचं नाव दिसलं. 'बंडू सर. गेम बंद.' खाली दोनशे चौदा ओळी. एकसष्टावी ओळ त्याच लाँचरच्या ठिकाणाची होती.

त्यांनी ती एक ओळ पुसली, फाइल जतन करून बंद केली, वायफाय पुन्हा जोडलं आणि बटण दाबलं. एक टक्का. तीन. सात.

पौर्णिमा पेला घेऊन आली आणि दारातच ओरडली, "झालं! आई, झालं! सर, काय होतं?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला बंडूजींकडे एका श्वासापुरता वेळ होता, आणि उत्तरही तेवढंच लहान होतं. पुढे कितीतरी वेळा त्यांनी त्या श्वासाचा विचार केला. घाबरलो म्हणावं, तर घाबरण्यासारखं काही नव्हतं. घाई म्हणावी, तर तीही नव्हती. पेला पुढे करणारी मुलगी आनंदानं त्यांच्याकडे पाहत होती, आणि ती नजर त्यांना आणखी थोडा वेळ हवी होती.

"लाइनच होती," ते म्हणाले.

बाहेर कमलाबाईंनी हाक मारली, "नत्थूभाऊ, उतरा! झालं चालू!"

"काय झालं चालू?" वरून आवाज आला. "म्या तं नुसता डबा उघडला अजून!"

नत्थू खाली उतरून दारात आला. त्याच्या मानेवर घामानं काळी रेघ धरली होती. बंडूजी स्क्रीनकडेच पाहत म्हणाले, "तार सैल असंन. डबा उघडताना हलली, लागली जागेवर."

नत्थू त्यांच्याकडे पाहत राहिला. त्यानं ना डोळे वटारले, ना हसला. गमछ्यानं मान पुसत म्हणाला, "असंन."

"काका, परवापासून मी परेशान आहे," पौर्णिमा म्हणाली. "काल संध्याकाळी तुमच्या एजन्सीत तक्रार टाकली तेव्हाच आले असते तर? माझी नोकरी गेली असती ना!"

"चुकलं, माय," नत्थू म्हणाला आणि शिडी बांधायला गेला.

तेवढ्यात तिच्या मोबाइलवर एजन्सीचा संदेश आला. तक्रार दूर झाली का, आणि कारण काय होतं, चारपैकी एक निवडा. पौर्णिमानं वाचून दाखवलं, "लाइनमधला बिघाड, उपकरणाचा बिघाड, लाइनमनचा हलगर्जीपणा, इतर. सर, काय टाकू?"

"जे आहे ते टाक," बंडूजी म्हणाले.

तिनं तिसरं टाकलं.

संध्याकाळी पावणेसहाला पौर्णिमाचा फोन आला, की यादी वेळेत गेली, चौतीस चुका सापडल्या, सगळं तुमच्यामुळं झालं सर. बंडूजींनी "अभिनंदन" म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही ते दुकानात नेहमीसारखे बसले, पण नवीन आलेलं एक यंत्र उघडून त्यात ती यादी भरायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात पुढे झाला नाही. यंत्र तसंच टेबलावर राहिलं. क्लासमधल्या एका मुलीनं "सर" अशी हाक मारली तर त्यांना वाटलं, मागे दुसरं कुणी उभं आहे. माणूस चूक पचवतो, बंडूजींनी आयुष्यात पुष्कळ चुका पचवल्या होत्या. पण उन्हात खांबावर चढलेल्या माणसाच्या पाठीवर आपली चूक ठेवून, सरबताचा पेला शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन आपण घरी आलो, ही गोष्ट काही केल्या खाली उतरत नव्हती.

गुरुवारी दुपारी बसस्थानकासमोरचा चहावाला बापूजी कप ठेवता ठेवता म्हणाला, "नत्थूचं ऐकलं काय? उद्या अकराले वर्धेले बलावलं त्याले. तीन महिन्यांत तिसरी तक्रार म्हंते. देवळीची लाइन काढून दुसऱ्याले देतेत."

"कोन म्हनते?"

"तोच म्हने. सकाळी इथंच बसला होता. चहा अर्धा ठेवून गेला. नत्थू चहा ठेवनारा मानूस व्हय काय?"

बंडूजी दुकानात परतले, दार आतून लोटलं आणि एजन्सीच्या तक्रार केंद्राला फोन लावला. एक तक्रार चुकून नोंदली गेली आहे, ती मागे घ्यायची आहे, असं त्यांनी शुद्ध भाषेत सांगितलं. पलीकडच्या मुलीनं नम्रपणे उत्तर दिलं, की तक्रार ज्या क्रमांकावरून आली त्याच क्रमांकावरून ती मागे घेता येते. बंडूजींनी दोनदा विचारलं. उत्तर दोन्ही वेळा तेच आलं. कुणाला न कळता हे निस्तरण्याचा तो एकच रस्ता होता आणि तो बंद होता. असा रस्ता आपण शोधत होतो, हे त्यांना फोन ठेवल्यावर कळलं.

ते आधी नत्थूकडे गेले. नत्थू अंगणात शिडीच्या एका पायरीला तार आवळत बसला होता. बंडूजींना पाहून त्यानं बाज पुढे ओढली. बंडूजी बसले नाहीत.

"नत्थू, त्या दिवशी लाइनीचं काही नव्हतं."

"मालूम आहे."

"ते माझ्या..."

"फायलीचं होतं. मालूम आहे, सर. बसा तं खरं." त्यानं पक्कड खाली ठेवली. "हे चौथं घर व्हय."

बंडूजींना आधी अर्थच लागला नाही. मग नत्थूनं सावकाश सांगितलं. दोन वर्षांपूर्वी एका घरी असंच झालं. लाइन चांगली, मोबाइलवर सगळं चालू, कॉम्प्युटरवर काही ठिकाणं बंद. त्याला उमजेना. तेव्हा त्याची मुलगी हर्षा सुटीत घरी आली होती. तिनं कुठं पाहायचं ते दाखवलं. फाइल उघडली तर पहिल्या ओळीत बंडूजींचं नाव. त्यानंतर या तीन महिन्यांत आणखी दोन घरी तसंच निघालं. प्रत्येक वेळी त्यानं घरच्या लोकांची नजर चुकवून ओळी पुसल्या.

"अन् लोकाईले काय सांगतलं?" बंडूजींनी विचारलं. त्यांची शुद्ध भाषा आता कुठं गेली होती कुणास ठाऊक.

"लाइनच सांगतली. काय सांगू मंग?"

"काऊन पन?"

नत्थूनं तारेचं टोक वाकवलं. "हर्षा पह्यल्या दिवशी तुमच्या क्लासले आली तं खुर्ची कमी पडली. तुम्ही आपली खुर्ची देल्ली तिले, अन् सारा तास उभ्यानं शिकवलं. घरी येऊन तिनं मले सांगतलं होतं. आज ती नागपूरले दवाखान्यात कॉम्प्युटरवरच बसते. मंग तुमचं नाव मी कायले बोंबलत फिरू?"

बंडूजींना ती खुर्ची आठवेना. त्यांनी खूप प्रयत्न केला. इतक्या वर्षांत इतक्या मुली आल्या होत्या, एवढीशी गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली नव्हती, आणि त्या एवढ्याशा गोष्टीच्या आधारावर हा माणूस दोन वर्षं त्यांचं नाव झाकत आला होता.

"त्या तीन तक्रारी..." ते म्हणाले.

"दोन त्याच घराइतल्या. तिसरी पौर्णिमाची," नत्थू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बंडूजींना बरं वाटलं असतं. "त्या दिवशी म्या तुमाले सांगाले पाह्यलं, सर. चार लोकाईत नाई, हळूच. तुम्ही म्हन्लं, मशीन तुले काय समजते."

"चाल माह्यासंगं कमलाबाईकडं. तुह्यासमोर सांगतो मी."

"नाई जी." नत्थूनं मान हलवली. "मी आलो तं ते म्हनतीन, नत्थूनं धरून आनलं सराइले. तुमचं तुम्ही सांगा. नाई सांगतलं तरी मी काई म्हननार नाई."

त्या शेवटच्या वाक्यानंतर अंगणात उभं राहणं बंडूजींना अशक्य झालं.

कमलाबाईंच्या घरी पाच वाजता चहा ठेवलेला होता. पौर्णिमा उठून उभी राहिली. "सर! पुण्याहून मेल आला. यादी आवडली म्हणे. सोमवारी कळवतात."

"बस, पौर्णिमा," बंडूजी म्हणाले. "कमलाबाई, तुम्हीही बसा. मी खोटं बोललो होतो."

सांगताना त्यांचं सगळं चुकीच्या क्रमानं आलं. आधी नत्थूचं उद्याचं बोलावणं आलं, मग हॉटस्पॉट, मग फाइल, मग किसनराव, आणि मग पुन्हा मागे जाऊन आठ वर्षांपूर्वीचा दिवस. त्यांचं संपल्यावर पौर्णिमा कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली आणि म्हणाली, "दाखवा."

त्यांनी फाइल कुठं असते ते सांगितलं. तिनं उघडली. एक ओळ सोडली तर सगळं जागच्या जागी होतं. पहिली ओळ तिनं मोठ्यानं वाचली. मग चाक फिरवत खाली जाऊ लागली, आणि एका नावावर थांबली.

"हा होता," ती म्हणाली. "आई, आठवीत असताना मोनालीकडे मी जायची ना? तिच्या घरी हाच गेम होता, गाव वसवायचा. घरं बांधायची, रस्ते करायचे. आपल्या कॉम्प्युटरवर तो कधीच उघडला नाही. मोनाली म्हणाली, तुमचा कॉम्प्युटर हलका आहे, हलक्यावर नाही चालत." ती स्क्रीनकडेच पाहत होती. "मला वाटलं, खरंच हलका आहे. मग मी तिच्याकडे जाणंच सोडलं."

"मले नाई सांगतलं तू कधी," कमलाबाई म्हणाल्या.

"तू दोन वर्षं पैसे जमवून घेतला होता. तुला काय सांगू, की हलका आहे?"

कमलाबाईंनी चहाचं भांडं गॅसवरून उतरवलं आणि तसंच ओट्यावर ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "सर, त्या दिवशी तुम्ही चित्र लावू का म्हनून इचारलं होतं. म्या अंगनवाडीत साऱ्या बायाइले सांगतलं होतं, सर किती समजदार मानूस हाये, घर पाहून इचारते."

बंडूजी म्हणाले, "पोरीच्या भल्यासाठीच..."

"मले इचारलं होतं तुम्ही?" पौर्णिमा वळून म्हणाली. त्यांच्या क्लासला होती तेव्हापासून ती त्यांच्याशी पुस्तकी मराठीतच बोलत आली होती. "माह्या आईले तरी इचारलं होतं? लोकाचा बाप सांगून गेला अन् तुम्ही आमच्या घरात कुलूप लावून गेले. अन् नत्थूकाकाले मी काय काय बोलली! ते म्हन्ले, चुकलं माय. मले!"

तिनं मोबाइल उचलला, तक्रार केंद्राचा क्रमांक लावला, आवाज मोठा करून मोबाइल टेबलावर ठेवला. पलीकडे मुलगी बोलू लागली तेव्हा पौर्णिमानं तक्रारीचा क्रमांक सांगितला आणि म्हणाली, "कारण चुकीचं नोंदलं आहे. बरोबर कारण ज्यांना माहीत आहे ते बोलतात."

"बोला, सर," पलीकडची मुलगी म्हणाली. "दोष लाइनचा होता, उपकरणाचा, की लाइनमनचा?"

"यातल्या कशाचाच नाही," बंडूजी म्हणाले. "याआधीच्या दोन तक्रारीही..."

"त्या दुसऱ्या क्रमांकांवरून असतील, सर. ते ग्राहक फोन करतील तेव्हा बघू."

आणखी दोन घरांचे उंबरे बंडूजींच्या डोळ्यांपुढे आले. आज रात्रीच्या जेवणाआधी तिथं जावं लागणार होतं.

"मग हिच्यात ग्राहकाची चूक नोंदवू का, सर?"

"नाही. ग्राहकाची तर मुळीच नाही."

"मग 'इतर'मध्ये टाकावं लागेल. त्यात कारण लिहावं लागतं. आपण कोण बोलता?"

ओठांवर आलेला 'सर' बंडूजींनी गिळला. "बंडू झाडे. देवळीला कॉम्प्युटरचं दुकान आहे माझं."

"काय झालं ते हळूहळू सांगा. मी लिहून घेते."

बंडूजींनी घसा साफ केला. "रोहण्याचे किसनराव म्हणून एक जण होते, त्यांचा मुलगा बारावीत..."

"किसनरावांचं नका सांगू," पौर्णिमा म्हणाली. "तुमचं सांगा."

ओट्यावर चहा निवत होता. मग त्यांनी सांगितलं, वाक्यामागून वाक्य, मध्ये मध्ये थांबत, कारण पलीकडून कीबोर्डचा आवाज येत होता आणि तो थांबल्याशिवाय पुढचं वाक्य सांगता येत नव्हतं. त्या आवाजावरून त्यांना कळलं, की मुलगी दोन बोटांनी टाइप करते. त्यांच्या क्लासमध्ये असती तर त्यांनी तिला दहा बोटं वापरायला शिकवलं असतं.

"झालं लिहून," ती अखेर म्हणाली. "नियमाप्रमाणे वाचून दाखवावं लागतं. ऐका, सर, आणि बरोबर असेल तर हो म्हणा."

आणि ती कोरड्या, स्वच्छ आवाजात वाचू लागली: "बंडू झाडे यांनी ग्राहकाला न विचारता..."

कमलाबाई उभ्या राहून ऐकत होत्या. पौर्णिमा ऐकत होती. बंडूजींनी मान खाली घातली होती, पण वाचून संपल्यावर पलीकडून कुणी काही बोलेना, तेव्हा आपली वाट पाहिली जाते आहे हे त्यांच्या ध्यानात आलं.

"हो," ते म्हणाले. मग त्यांना वाटलं की आवाज पोचला नसावा, म्हणून मोबाइलकडे वाकून त्यांनी पुन्हा म्हटलं, "हो. बरोबर आहे."